खार्किव ते कीव : सोव्हिएत कॅमेरे, ज्युपिटर भिंगे आणि ‘नकले’चा प्रश्न

छायाचित्र हे इतिहासाचे साधन होय, ही गोष्ट आता कोणी नव्याने सांगावयास नको. परंतु ज्या यंत्राने ते छायाचित्र टिपले गेले त्या यंत्रालाही स्वतःचा इतिहास असतो आणि तो कित्येकदा चित्रातील दृश्याइतकाच बोलका असतो, इकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. गेल्या दोन दशकांत डिजिटल कॅमेऱ्याचा सर्वत्र प्रसार झाल्यानंतर फिल्मवर चालणाऱ्या जुन्या कॅमेऱ्यांविषयी जगभर पुन्हा जिज्ञासा उत्पन्न झाली आहे. ह्या जिज्ञासेचा मोठा वाटा लायका, रोलायफ्लेक्स, हासेलब्लाड अशा कुलीन घराण्यांकडे जातो. सोव्हिएत संघातील फेड, झॉर्की, कीव व झेनिट ह्या कॅमेऱ्यांचा आणि त्यांच्या ज्युपिटर, इंडस्टार, हेलिओस ह्या भिंगांचा उल्लेख झालाच, तर तो ‘जर्मन मालाची स्वस्त नक्कल’ एवढ्या चार शब्दांत आटोपला जातो. ह्या चार शब्दांपैकी कोणते शब्द टिकतात आणि कोणते टिकत नाहीत, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभ खार्किव शहरापासून करावयास हवा. १९३४ पर्यंत सोव्हिएत युक्रेनची राजधानी असलेल्या ह्या शहराजवळ १९२७ च्या अखेरीस अनाथ व निराधार मुलांची एक श्रमवसाहत उघडण्यात आली. यादवी युद्धाने व दुष्काळाने रस्त्यावर आलेल्या मुलांना काम आणि शिक्षण देऊन माणसांत आणावे, हा तिचा उद्देश. सोव्हिएत गुप्त पोलीस खात्याचे संस्थापक फेलिक्स एदमुंदोविच झेर्झिन्स्की ह्यांचे नाव तिला दिलेले होते, आणि त्यांच्या नावाची आद्याक्षरे हीच पुढे ‘फेड’ ह्या कॅमेऱ्याची संज्ञा बनली. वसाहतीचे प्रमुख होते शिक्षणतज्ज्ञ अंतोन माकारेन्को (१८८८–१९३९). प्रथम सुतारकाम, शिवणकाम, नंतर विजेवर चालणारी ड्रिल आणि अखेर कॅमेरा, अशी तेथील उद्योगाची चढती श्रेणी होती. मुलांनी दिवसाचे काही तास यंत्रशाळेत व काही तास वर्गात घालवावेत असा क्रम होता. १९३२ मध्ये दुसऱ्या प्रतीच्या लायका कॅमेऱ्यावरून प्रायोगिक नमुने तयार झाले आणि १९३४ पासून नियमित उत्पादन सुरू झाले. ज्याचे सुटे भाग मिलिमीटरच्या शतांश भागापर्यंत अचूक असावे लागतात असे यंत्र, काही वर्षांपूर्वी रेल्वेस्थानकांवर झोपणाऱ्या किशोरवयीन मुलांनी उभे केले, ह्या गोष्टीचे महत्त्व ‘नक्कल’ ह्या शब्दात मावत नाही.

पण ह्या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे इतिहासकाराला शोभणारे नाही. कॅमेऱ्याच्या वरच्या पत्र्यावर जी अक्षरे कोरली जात, त्यांत पुढे श्रमवसाहतीच्या नावाबरोबर युक्रेनच्या अंतर्गत व्यवहार खात्याचेही नाव असे, म्हणजे ज्या खात्याने १९३७–३८ मध्ये लक्षावधी माणसांना तुरुंगात व मृत्यूच्या दारी पोहोचविले त्याच खात्याचे. आणि १९३२–३३ ही, म्हणजे पहिले नमुने तयार होत होते ती वर्षे, युक्रेनच्या महाभीषण दुष्काळाची वर्षे होती. त्या दुष्काळाची जी थोडी अस्सल छायाचित्रे जगाला उपलब्ध आहेत, त्यांतील पुष्कळशी आलेक्सांडर वीनरबेर्गर ह्या ऑस्ट्रियन रसायन-अभियंत्याने १९३३ मध्ये खार्किवच्याच रस्त्यांवर चोरून घेतलेली आहेत. रस्त्याच्या कडेला पडलेली शवे, त्यांच्याजवळून जाणारे पादचारी, दुकानांपुढील रांगा ही दृश्ये त्याने ज्या यंत्राने टिपली ते होते लायका. एकाच शहरात, एकाच काळी, लायकाची प्रतिकृती बनविण्याचा प्रयत्न चालू होता आणि अस्सल लायका त्या शहराची अशी साक्ष लिहून ठेवीत होता. वसाहतीतील मुलांच्या कौशल्याचे कौतुक ज्याला करावयाचे असेल त्याने ही दोन्ही पाने शेजारी शेजारी ठेवूनच ते करावे, असे माझे मत आहे.

माकारेन्को १९३५ मध्ये कीव येथे गेले. कारखाना मात्र वाढतच राहिला. फेडचे भिंग बाहेरून लायकाच्या एल्मारसारखे दिसे, परंतु त्याचे गणित सोव्हिएत काचेसाठी स्वतंत्रपणे मांडावे लागले होते. १९४१ मध्ये जर्मन सैन्य खार्किवला येऊन भिडले तेव्हा कारखान्याची यंत्रसामग्री सायबेरियात नोव्होसिबिर्स्कजवळील बेर्द्स्क येथे हलविली गेली. युद्धानंतर मॉस्कोजवळील क्रास्नोगोर्स्क येथील यंत्र-कारखान्याने १९४८ पासून ‘फेड-झॉर्की’ व पुढे नुसते ‘झॉर्की’ ह्या नावाने हेच यंत्र बनविण्यास आरंभ केला. १९५५ चा फेड-२ मात्र लायकापासून बराच दूर गेलेला आहे. त्याची पाठ संपूर्ण सुटी होते, अंतरमापकाची व दृश्यदर्शकाची खिडकी एकच आहे, आणि अंतरमापकाचा पायाही लायकाच्या त्या प्रतीपेक्षा कितीतरी लांब आहे. त्याला नक्कल म्हणावयाचे असेल तर नकलेची व्याख्याच बदलावी लागेल.

आता विषयाच्या गाभ्याकडे, म्हणजे कीव कॅमेऱ्याकडे वळू. ह्याची कथा ड्रेस्डेनमध्ये सुरू होते. १९२६ मध्ये चार जर्मन कंपन्यांच्या विलीनीकरणातून त्साइस इकोन ही संस्था जन्मास आली आणि लायकाला उत्तर म्हणून तिने १९३२ मध्ये काँटॅक्स हा कॅमेरा बाजारात आणला. १९३६ चा काँटॅक्स-२ हा हुबेर्ट नेर्विन ह्यांच्या आराखड्याचा. लायकाचे शटर कापडाचे व आडवे धावणारे; काँटॅक्सचे पितळी पट्ट्यांचे व उभे धावणारे. चौकटीची उंची २४ मि.मी. व रुंदी ३६ मि.मी. असल्यामुळे उभ्या शटरला अंतर कमी तोडावे लागते, आणि त्यामुळे सेकंदाचा १/१२५० इतका अल्प अवधी त्याला साधला. अंतरमापकाचा पाया सुमारे ९० मि.मी., म्हणजे लायकाच्या तत्कालीन पायाच्या दुपटीहून अधिक. अंतरमापक व दृश्यदर्शक एकाच खिडकीत आणण्याची सोयही त्यात होती. यंत्र अवघड, महाग आणि दुरुस्तीस कटकटीचे होते. शटरच्या पितळी पट्ट्या ज्या रेशमी फितींवर चालतात त्या फिती झिजून तुटतात, आणि मग अख्खे यंत्र उकलावे लागते. त्याशिवाय उजव्या हाताचे बोट नेमके अंतरमापकाच्या खिडकीवर येते, म्हणून काँटॅक्स व कीव धरण्याची एक विशिष्ट पद्धत अंगवळणी पाडावी लागते. नवशिका मनुष्य कॅमेरा बिघडला असे समजतो आणि असते काय, तर त्याचेच बोट!

ह्या कॅमेऱ्याचे खरे वैभव म्हणजे लुडविग बेर्टेले (१९००–१९८५) ह्यांची भिंगे. त्यांच्या सोनार रचनेचा विचार थोड्या विस्ताराने करणे अवश्य आहे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर अवलंबून आहे. काचेच्या ज्या पृष्ठावर प्रकाश हवेतून काचेत किंवा काचेतून हवेत जातो, त्या प्रत्येक पृष्ठावर त्याचा शेकडा चार ते पाच भाग परावर्तित होतो. भिंगात अशी आठ पृष्ठे असली तर दर पृष्ठास शेकडा पाच ह्या हिशेबाने सुमारे ६६ टक्के प्रकाश पार होतो. सहा असली तर सुमारे ७३ टक्के. हा तोटा सोसता येईल. पण परावर्तित झालेला प्रकाश भिंगाच्या आतच इकडून तिकडे आपटत राहतो व अखेर फिल्मवर धुक्यासारखा पसरतो, काळा भाग करडा होतो, चित्र फिके पडते. लाइट्सच्या १९३३ मधील झुमार भिंगात सहा काचा चार गटांत मांडलेल्या होत्या, म्हणजे पृष्ठे आठ. बेर्टेले ह्यांनी आपल्या आधीच्या एर्नोस्टार रचनेतील हवेची जागा कमी वक्रीभवनांकाच्या काचेने भरून काढली आणि तीन काचा एकमेकींस चिकटवून एक गट केला. छिद्रांक २ च्या सोनारमध्ये एक, तीन व दोन अशा सहा काचा आणि छिद्रांक १·५ च्या सोनारमध्ये एक, तीन व तीन अशा सात काचा. गट मात्र दोहोंतही तीनच, आणि हवेला भिडणारी पृष्ठे सहाच. चिकटविलेली पृष्ठे परावर्तनाच्या हिशेबात जवळजवळ धरावी लागत नाहीत. काचेवर अतिसूक्ष्म थर देऊन परावर्तन घटविण्याची त्साइसमधील आलेक्सांडर स्माकुला ह्यांची युक्ती १९३५ ची, आणि ती सर्वत्र रुळण्यास युद्ध संपावे लागले. तोपर्यंत अंधुक प्रकाशात स्वच्छ काळा रंग देणारे भिंग म्हणून सोनारला फारसा प्रतिस्पर्धी नव्हता.

फेब्रुवारी १९४५ मधील बाँबवर्षावाने ड्रेस्डेनची जी दशा झाली ती सर्वविदित आहे. त्साइस इकोनचे कारखानेही त्यात सापडले. भिंगे बनविणारी मूळ संस्था येना येथे होती. तेथे एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन सैन्य प्रथम पोहोचले. तो प्रदेश करारान्वये सोव्हिएत ताब्यात जाण्यापूर्वी, जून महिन्यात, अमेरिकनांनी त्साइसचे ऐंशीच्या आसपास शास्त्रज्ञ व व्यवस्थापक पश्चिमेकडे हलविले, आणि त्यांतूनच पुढे ओबरकोखेन येथील त्साइस उभी राहिली. सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या हाती कारखाना आला, डोकी अर्धवट आली. त्यांनी युद्धभरपाई म्हणून काँटॅक्सचे उत्पादन येना येथे नव्याने मांडून घेतले, कारण ड्रेस्डेनचे आराखडे व हत्यारे बव्हंशी नष्ट झाली होती. १९४६–४७ मध्ये ही सारी सामग्री कीव येथील आर्सेनाल कारखान्यात नेण्यात आली. तिच्या मागोमाग, किंबहुना तिच्याबरोबरच, जर्मन तंत्रज्ञही गेले. २२ ऑक्टोबर १९४६ रोजी सोव्हिएत व्याप्त जर्मनीतून दोन हजारांहून अधिक तज्ज्ञ एकाच मोहिमेत कुटुंबांसह आगगाडीत बसविण्यात आले. येनाचे लोकही त्यांत होते. त्यांची संमती विचारण्यात आली नाही. १९४७ पासून कीव-२ व प्रकाशमापक असलेला कीव-३ हे कॅमेरे तयार होऊ लागले. सुरुवातीच्या नगांत जर्मन बनावटीचे सुटे भाग सर्रास आढळतात.

येथे ‘नक्कल’ ह्या शब्दाची खरी परीक्षा होते. मूळ आराखडा, मूळ कामगारांनी पुन्हा घडविलेली हत्यारे, काही काळ मूळ तंत्रज्ञ आणि मूळ सुटे भाग ह्यांतून जे यंत्र निघाले, त्याला नक्कल म्हणावे काय? पश्चिम जर्मनीत स्टुटगार्ट येथे १९५० मध्ये काँटॅक्स-२अ निघाला, त्याला मात्र कोणी नक्कल म्हणत नाही. तथापि तो नव्याने आखलेला, आकाराने लहान कॅमेरा होता. बेर्टेले ह्यांचे युद्धपूर्व ३५ मि.मी. बिओगोन भिंग, ज्याची मागची काच जवळजवळ फिल्मला जाऊन टेकते, ते ह्या नव्या कॅमेऱ्याच्या पोटात मावेना, म्हणून त्यासाठी वेगळे बिओगोन बनवावे लागले. कीवमध्ये मात्र त्याच जुन्या बिओगोनचा वंशज असलेला ज्युपिटर-१२ विनातक्रार बसतो. स्टुटगार्टचा काँटॅक्स १९६० नंतर लवकरच बंद पडला; १९३६ च्या आराखड्याचा कीव १९८० च्या दशकापर्यंत निघत राहिला. खुद्द नेर्विन युद्धानंतर अमेरिकेत गेले व तेथे त्यांनी ग्राफ्लेक्स कंपनीसाठी लष्करी उपयोगाचा ७० मि.मी. फिल्मचा कॅमेरा आखला, जो काँटॅक्सला भिंगातून मोठा करून पाहावे तसा दिसतो. कायद्याने नाव एकाकडे गेले, हत्यारे दुसऱ्याकडे आणि आराखडा करणारा मनुष्य तिसऱ्याकडे. अशा स्थितीत ‘अस्सल’ हा शब्द इतिहासकाराने जपूनच वापरावा.

आणखी एक गोष्ट नमूद करावयास हवी. युद्धात जर्मनीचा पराभव झाल्यावर जर्मन पेटंटांचे संरक्षण संपुष्टात आले आणि लायकाच्या प्रतिकृती सर्वच विजेत्यांनी केल्या. ब्रिटनमध्ये लेस्टर येथे रीड हा कॅमेरा निघाला, न्यूयॉर्कमध्ये कार्डोन निघाला. संग्राहक ह्या दोघांना आज दुर्मिळ रत्ने मानतात. झॉर्कीचा अपराध एवढाच की, तो फार मोठ्या संख्येने निघाला. एकट्या झॉर्की-४ ची संख्या १९५६ ते १९७३ ह्या काळात सतरा लाखांच्या घरात जाते, आणि जे सर्वांस मिळते त्याची प्रतिष्ठा टिकत नाही.

भिंगांच्या बाबतीत हीच कथा अधिक सूक्ष्म रूपाने घडली. क्रास्नोगोर्स्क येथे सोनारची पहिली आवृत्ती ‘झेडके’, म्हणजे क्रास्नोगोर्स्कचा झोनार, ह्या नावाने निघाली. लवकरच त्यांना ज्युपिटर-३ व ज्युपिटर-८ ही नावे मिळाली. आरंभी जर्मनीतून आणलेली काच वापरली जात असे. हा साठा संपणारच होता, आणि सोव्हिएत काचेचा वक्रीभवनांक जर्मन काचेशी तंतोतंत जुळत नव्हता. काच बदलली की प्रत्येक पृष्ठाची वक्रता, जाडी आणि अंतरे पुन्हा काढावी लागतात. क्रास्नोगोर्स्कचे गणिती मिखाईल मालत्सेव ह्यांनी १९५० च्या दशकात हे गणित नव्याने मांडले. ज्याने किरणांचा माग काढण्याचे काम हातयंत्रावर एकदा जरी केले असेल, त्याला ही ‘नक्कल’ किती महिन्यांच्या श्रमाची असते हे सांगावे लागणार नाही.

ह्याच सोनारचे दुसरे वंशज जपानात वाढले. निप्पोन कोगाकू कंपनीची ५० मि.मी. व ८५ मि.मी. निक्कोर भिंगे सोनार रचनेचीच होती. जून १९५० मध्ये टोकियोत जपानी छायाचित्रकार जून मिकी ह्यांनी अमेरिकन वृत्तछायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन ह्यांचे ८५ मि.मी. निक्कोरने एक व्यक्तिचित्र घेतले. त्याची स्पष्टता पाहून डंकन थेट कारखान्यात गेले आणि आपल्या लायकांवर निक्कोर भिंगे लावून कोरियाच्या युद्धावर निघाले. १० डिसेंबर १९५० च्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये ह्या भिंगांवर लेख आला आणि निक्कोरचे नाव एका हिवाळ्यात जगभर झाले. ज्युपिटर-९ हे ८५ मि.मी., छिद्रांक २ चे भिंग ह्या निक्कोरचे सख्खे चुलतभावंड. एकाला शीतयुद्धाच्या अलीकडे वार्ताहर मिळाला, दुसरा पलीकडे राहिला. कीर्तीच्या ह्या विषम वाटपात प्रकाशशास्त्राचा भाग किती होता, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

परंतु सारा दोष पूर्वग्रहाचाच असे म्हणणेही अन्यायाचे होईल. नियोजित अर्थव्यवस्थेत कारखान्याचे यश नगांच्या संख्येवर मोजले जाई, आणि त्याचे परिणाम यंत्रात दिसतात. १९५० च्या दशकातील कीव व १९७० नंतरचा कीव एकापाठोपाठ हाताळले तर ही घसरण बोटांना कळते. निक्कोरच्या बाजूने बोलावयाचे तर त्यांची प्रत नगागणिक बदलत नसे. ज्युपिटरची बदलत असे. आरंभीच्या फेडमध्ये तर प्रत्येक भिंग त्या त्या कॅमेऱ्याशीच जुळविलेले असल्यामुळे एका फेडचे भिंग दुसऱ्यावर नीट चालत नसे.

ज्युपिटर भिंगे लायकावर लावली असता ती जवळच्या अंतरावर नेमकी चुकतात, ह्या जुन्या तक्रारीचे कारण मात्र वेगळे आहे. लायकाचा अंतरमापक ५१·६ मि.मी. नाभीय अंतराच्या भिंगासाठी आखलेला आहे. काँटॅक्सच्या सोनारचे प्रत्यक्ष नाभीय अंतर सुमारे ५२·४ मि.मी. होते आणि ज्युपिटरने ते वारशाने उचलले. दूरच्या दृश्यात हा सुमारे ०·८ मि.मी.चा फरक जाणवत नाही. पण छिद्र पूर्ण उघडून दीड-दोन मीटरवरील चेहरा घेतला तर डोळ्यांऐवजी भलतेच काही स्पष्ट येते. ह्यात बेपर्वाईपेक्षा दोन जर्मन घराण्यांच्या दोन प्रमाणांमधील विसंगती आहे, आणि तिचे खापर तिसऱ्याच्या माथी फुटले आहे.

सोनारला एक जन्मजात मर्यादा होती. त्याची मागची काच फिल्मच्या फार जवळ येते, त्यामुळे मध्ये आरसा असलेल्या कॅमेऱ्यात ५० मि.मी.चा सोनार बसविता येत नाही. १९५२ मध्ये झॉर्कीतील अंतरमापक काढून व आरसा बसवून क्रास्नोगोर्स्कने झेनिट घडविला, तेव्हा विल्ली मेर्टे ह्यांच्या बिओटार रचनेकडे वळणे पुढे क्रमप्राप्त झाले. त्यातून ५८ मि.मी.चे हेलिओस-४४ आले. १९६५ पासून दोन दशके निघालेल्या झेनिट-ई ह्या कॅमेऱ्याची संख्या तीस लाखांहून अधिक आहे, आणि त्यांतील असंख्य नगांबरोबर हे भिंग घरोघरी गेले. चित्राच्या कडांकडील अस्पष्ट पार्श्वभूमी गरगर फिरल्यासारखी दिसणे, हा त्याचा एके काळचा दोष. २००८ नंतर आरसा नसलेले डिजिटल कॅमेरे आले, कोणतेही जुने भिंग साध्या कड्याने त्यांवर बसू लागले, आणि तोच दोष गुण ठरला. २०२४ च्या ‘ड्यून : भाग दोन’ ह्या चित्रपटाच्या चित्रीकरणात नव्या आवरणात बसविलेली जुनी सोव्हिएत भिंगे वापरली गेली, त्यांत हेलिओस-४४ होते.

संशोधकाच्या दृष्टीने ह्या वस्तूंचा एक विशेष उपयोग सांगावयाचा राहिला. कीव कॅमेऱ्यांच्या व १९५० च्या दशकापासूनच्या बहुतेक ज्युपिटर भिंगांच्या अनुक्रमांकाचे पहिले दोन अंक उत्पादनवर्ष दर्शवितात. कारखान्याचे चिन्ह शेजारीच कोरलेले असते, क्रास्नोगोर्स्कचे असल्यास लोलकातून वाकणारा किरण. भिंगावर थर दिलेला असल्याची खूण म्हणून जुन्या नगांवर लाल रंगात एक रशियन अक्षर असते. दोन जागच्या नगांची अशी नोंद पद्धतशीर ठेवली, तर सामग्री कोठून कोठे व केव्हा हलली ह्याचा आलेख कागदपत्रांवाचूनही बराच काढता येईल.

मात्र ह्या साधनात बनावट फार शिरली आहे. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर १९९० च्या दशकात जुने फेड व झॉर्की घेऊन, त्यांवरील मूळ अक्षरे घासून, त्यांवर लायकाचे नाव आणि नाझी सैन्याची चिन्हे कोरून ते युद्धकालीन लायका म्हणून विकण्याचा धंदा जोरात चालला. असे नग आजही बाजारात येतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. भिंग काढून आत पाहावे. अंतरमापकाच्या दांडीचे टोक लायकात गोल चाकासारखे असते, फेडमध्ये व झॉर्कीत ते पाचरीसारखे निमुळते असते. वरच्या पत्र्यावर जेथे आता ‘लायका’ हे नाव चमकते, तेथे खार्किवच्या श्रमवसाहतीचे नाव होते, आणि ते घासून गेलेले असल्यामुळे आता वाचता येत नाही.